मदत हवी आहे: आजोबांची मेडल्स काळी पडलीत, शनिवारच्या आत फ्रेम करायची आहे

सुमेधा_क
आजोबा घोडदळात ऑफिसर होते. त्यांची ट्रंक उघडली आहे. मेडल्स पार काळवंडलीत, रिबिनी विटल्यात आणि एक मेडल कमी आहे. कशाने घासली म्हणजे लखलखीत होतील? हरवलेलं मेडल कुठे विकत मिळेल? फ्रेमवाला म्हणतो, मागून फेव्हिक्विकने चिकटवून देतो. चालेल ना? एक तलवारही आहे, ती भाऊ शनिवारी कॅनडाला नेणार आहे. प्लीज लवकर सांगा.

रिसाला
फ्रेमवाल्याला आधी फोन करून थांबवा. गोंद एकदा लागला की मेडलच्या पाठीवरची अक्षरं गेलीच समजा.

आता माहिती द्या. रेजिमेंट कोणती? नोकरी कोणत्या काळातली? सिंध हॉर्स आणि १३ लान्सर्स १९३८ मध्येच घोड्यांवरून गाड्यांवर आली, बाकीच्याही पाठोपाठ आल्या. त्यामुळे नुसतं 'घोडदळ' म्हटल्यावर घोडे की रणगाडे हे कळत नाही. मेडल्स किती, कोणती? गोल मेडलच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीमागे काय कोरलंय?

अभय_५७
एवढी चौकशी कशाला? ब्रासो, जुनी बनियन, पाच मिनिटं. फौजेत पितळ असंच चमकवतात.

जुनंपानं
अभय, बकल आणि बटणं चमकवतात, ती झिजली की नवीन मिळतात. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव असतं. ब्रासोत अमोनिया आणि बारीक घासणारी पूड असते. दरवेळी अक्षरांचा थोडा थर जातो आणि राहिलेली पांढरी पूड खाचांत घट्ट बसते. नाव पुसलेल्या मेडलला ना संग्राहक विचारतो, ना संग्रहालय. काळा थर धातूला इजा करत नाही, तो राहू द्या.

सुमेधाताई, मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. चिकटपणा असेल तर कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त धातू पुसा. रिबिनीला थेंबही लागू देऊ नका, रंग फुटतो. हातात सुती किंवा नायट्राइलचे मोजे घाला, घामाने बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

अभय_५७
संग्रहालयात ठेवायचं असेल तर ठीक. घरच्या भिंतीवर काळं मेडल कोण बघणार? सैनिकाचं मेडल झळकलंच पाहिजे.

जुनंपानं
झळकवायचंच असेल तर दर्जी बनवतात तो नवा सेट भिंतीवर लावा. मूळ सेट डब्यात.

सुमेधा_क
रेजिमेंट पूना हॉर्स. १९५५ ते ७८, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त. मेडल्स सात आहेत: समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, २५वा स्वातंत्र्य वर्धापन, २० वर्षं, ९ वर्षं. कडेवर IC लिहून आकडा आणि आजोबांचं नाव आहे. फोटोत छातीवर आठ रिबिनी दिसतात. आता कळलं ना? ब्रासो नको तर काय?

नगरी
पूना हॉर्स! १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली रेजिमेंट. १९२१ मध्ये ३३ आणि ३४ या दोन रेजिमेंट्स एकत्र आल्या आणि १७ नंबर मिळाला. १८५७ च्या इराण मोहिमेत खुशाबच्या लढाईतून आलेलं, टोकाला चांदीचा हात असलेलं निशाण ही या रेजिमेंटची खास ओळख. १९६५ ला लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ ला बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, दोघांनाही परमवीर चक्र, दोघेही सेंच्युरियन रणगाड्यांवर. नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम भावाला दाखवल्याशिवाय परत पाठवू नका.

वसुधा_टी
आजी हयात असतील तर कौटुंबिक पेन्शनसाठी स्पर्श पोर्टलवर हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

सुमेधा_क
पेन्शनचा प्रश्नच नाही. मेडल कोणतं कमी आहे ते सांगा.

रिसाला
रक्षा मेडल. समर सेवा स्टार १९६५ च्या लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना मिळाला, रक्षा मेडल त्या वेळी नोकरीत असलेल्यांना. दहा वर्षं नोकरी झालेल्या ऑफिसरकडे स्टार आहे आणि रक्षा नाही, असं सहसा होत नाही. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही १९७१ ची तशीच जोडी, ती तुमच्याकडे पूर्ण आहे.

लावण्याचा क्रम, बघणाऱ्याच्या डावीकडून: समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, रक्षा, संग्राम, सैन्य सेवा, २५वा वर्धापन, २० वर्षं, ९ वर्षं. दोन्ही स्टार आधी येतात, १९६५ चं रक्षा त्यांच्यानंतर. फ्रेमवाले सालाप्रमाणे लावतात आणि इथेच चुकतात. फोटोतल्या तिसऱ्या जागेची रिबिन ताडून बघा. सैन्य सेवा मेडलवर आडवी पट्टी आहे का तेही बघा. हिमालय, नेफा (आताचा अरुणाचल), जम्मू-काश्मीर अशा पट्ट्यांवरून नेमणुका कळतात.

विकत घेण्याआधी IC नंबर (ऑफिसरचा सेवा क्रमांक) देऊन दिल्लीला सेना मुख्यालयाकडे त्यांना मिळालेल्या मेडल्सची यादी लेखी मागवा. ऑफिसरांचे कागद तिथे असतात. नगरच्या आर्मर्ड कोअर (रणगाडा दल) रेकॉर्ड्सकडे जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांचे, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. दिल्ली कँटच्या गोपीनाथ बाजारात किंवा पुण्यात कॅम्पातल्या मिलिटरी टेलरकडे कोरं मेडल मिळतं. त्यावर आजोबांचं नाव कोरून घेऊ नका. तशी कोरलेली प्रत पुढे बनावट म्हणून फिरते आणि खऱ्या सात मेडल्सवरही शंका येते. मागे 'प्रत' असा कागद लावा.

जुनंपानं
फ्रेम अशी करून घ्या: किमान ५ सेंटिमीटर खोल पेटी, आत आम्लरहित माउंट बोर्ड, पुढे यूव्ही रोखणारं अ‍ॅक्रिलिक. प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ निघते, लोकरी फेल्टमधला गंधक चांदी काळी करतो, दोन्ही नकोत. बोर्डला चीर पाडून मेडल्सची पट्टी सुती दोऱ्याने बांधा. मूळ रिबिनी विटल्या तरी बदलू नका. नवीन हव्या असतील तर ३२ मिलिमीटरच्या वेगळ्या घ्या. हे काम शनिवारपर्यंत होणार नाही.

नगरी
तलवारीचं काय? लांबी, मूठ, पात्यावर काही नक्षी?

सुमेधा_क
पात्यावर मुकुट आहे आणि मुठीजवळ सहा टोकांचा तारा. म्यान स्टीलचं. भावाने बॅगेत ठेवली तर चालेल ना?

रिसाला
मुकुट असेल तर तलवार त्यांच्या कमिशनपेक्षा, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणुकीपेक्षा, जुनी. २६ जानेवारी १९५० नंतर आपल्याकडे मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. वडिलोपार्जित किंवा कुणा ज्येष्ठाने दिलेली असेल. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, नंबर कोरलेला दिसला तर लिहा. विल्किन्सन या इंग्लिश तलवार कंपनीची असेल तर नंबरावरून वर्ष काढता येतं. मुकुटाखालची अक्षरंही सांगा.

तोवर ती देशाबाहेर जाऊ देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. शंभरच्या आतली असेल तरी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. शिवाय शस्त्र म्हणून शस्त्र कायदा, विमान कंपनी आणि कॅनडाचं कस्टम्स हे तिन्ही आहेतच.

अभय_५७
म्यानात ठेवण्याआधी पात्याला खोबरेल लावा, गंज धरणार नाही.

जुनंपानं
खोबरेल नको, खवट होऊन चिकट थर बसतो. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. नक्षीवर घासकाम अजिबात नाही. सॅम ब्राउन बेल्ट (ऑफिसरचा खांद्यावरून पट्टा असलेला चामडी कमरपट्टा) असेल तर त्यालाही तेल लावू नका. चामड्यातल्या तेलाने पितळी कड्यांभोवती हिरवट मेणचट थर येतो, तो बांबूच्या काडीने खरवडा. युनिफॉर्म आहे का ट्रंकेत?

सुमेधा_क
आहे, लोकरी. बारीक भोकं पडलीत. डांबरगोळ्या टाकल्यात.

जुनंपानं
कसर लागली आहे. गोळ्या काढा, बटणांना आणि रिबिनींना त्याचा त्रास होतो. कोट पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरेल. मग मऊ ब्रशने शिवणींतली अंडी झाडा आणि धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. खांद्यावर साखळीचे पट्टे असतील तर ते आधी सोडवून वेगळे ठेवा, त्यांच्या वजनाने कापड फाटतं.

सुमेधा_क
साखळ्या आहेत. भाऊ तलवार न नेताच जाईल. पाठीवर नंबर आहे पण गंजाखाली अर्धाच दिसतोय, तो कसा वाचायचा?

रिसाला
खरवडू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आकडे सावलीत उठून दिसतील. फोटो इथे टाका.