'कच्चा कैदी' पिकतो कधी? तुरुंगातल्या कामाचे शब्द

दूरदेशी:
मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटी जेलमध्ये सोशल वर्कर आहे. मंडळाच्या दिवाळी अंकाला कामाबद्दल चार पानं लिहून द्यायचं कबूल केलं आणि पहिल्याच वाक्याशी गाडं अडलं. वाक्य असं: 'मी जिल्हा कारागृहात कैद्यांचं समुपदेशन करते.' सहा शब्द. 'मी' आणि 'करते' सोडले तर एकही पटत नाही.

काउंटीला जिल्हा म्हणू, हरकत नाही. पण इथे जेल वेगळं आणि प्रिझन वेगळं. जेल काउंटीचं, निवडून आलेल्या शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) ताब्यातलं. अटक झालेला माणूस आधी तिथे येतो. जामिनाचे पैसे नसले की खटला संपेपर्यंत तिथेच राहतो. छोट्या शिक्षा, ढोबळमानाने वर्षाच्या आतल्या, तिथेच भोगायच्या. मोठी शिक्षा झाली की राज्याच्या प्रिझनमध्ये रवानगी. (2011 च्या एका कायद्यानंतर कॅलिफोर्नियात काही मोठ्या शिक्षाही काउंटीच्याच गळ्यात पडल्या, ते सोडा.) म्हणजे माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांचा गुन्हा अजून ठरलेलाच नसतो. कोणी दोन रात्रींत सुटतो, कोणी दोन वर्षं काढतो. त्यांना 'कैदी' म्हटलं की वाचणाऱ्याला पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून खडी फोडणारा माणूस दिसतो.

आणि समुपदेशन! त्या शब्दात 'उपदेश' डोळे वटारून बसलाय. मी दिवसभरात जे काही करते त्यात उपदेश सोडून बाकी सगळं असतं.

तर तिथल्या जागेला काय म्हणावं, तिथल्या माणसाला काय म्हणावं आणि मला काय म्हणावं?

कोर्टकारकून (निवृत्त):
फरक दाखवणारे शब्द आहेत, पण आपल्याकडे फरक इमारतीचा नाही, माणसाचा आहे. येरवड्याच्या एकाच भिंतीआड दोन्ही जातीचे लोक असतात. कागदावर खटला चालू असलेला तो 'न्यायाधीन बंदी', शिक्षा लागलेला तो 'सिद्धदोष बंदी', आणि प्रतिबंधक कायद्याखाली धरलेला तो 'स्थानबद्ध'. बोलण्यात कच्चा कैदी आणि पक्का कैदी. 'जिल्हा कारागृह' हा आपल्याकडे प्रतवारीचा शब्द आहे. राज्यात 9 मध्यवर्ती कारागृहं, त्याखाली जिल्हा, मग खुली, दुय्यम वगैरे. त्यामुळे तो वापरलात तर चूक नाही, पण तुम्हाला सांगायचंय ते त्यातून कळणार नाही.

तुमच्या जागेच्या जवळ जाणारा शब्द 'न्यायालयीन कोठडी'. पेपरात रोज असतो. कोर्टाच्या आवारात मात्र एवढं लांबलचक कोणी बोलत नाही. 'पीसीआर (पोलीस कोठडी) संपला, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला' म्हणतात. एमसीआर झाला की घरच्यांना जरा हायसं वाटतं, कारण पोलीस ठाण्यातून माणूस निघाला आणि वकिलाला जामिनाचा अर्ज टाकता आला.

एक भर. तुमच्याकडे पैसे न भरता नुसत्या सहीवर सोडतात, त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: जातमुचलका. तो वापरा. फार कमी लोक वापरतात हल्ली, 'पीआर बाँड'च म्हणतात.

दूरदेशी:
जातमुचलका! आजोबांच्या तोंडून ऐकला होता, अर्थ आज कळला. 'जामीन' मात्र इथल्या अर्थाने लिहिताना माझा हात अडखळतो. आपल्याकडे माणूस जामीन 'राहतो'. काका राहतो, गावचा कोणी राहतो, त्याचा सातबारा लागतो. इथे जेलच्या समोरच बेल बाँडवाल्यांची दुकानं आहेत, चोवीस तास उघडी. रकमेच्या साधारण दहा टक्के त्यांना द्यायचे, ते हमी घेतात, आणि ते दहा टक्के निर्दोष सुटलात तरी परत मिळत नाहीत. इलिनॉय राज्याने 2023 च्या सप्टेंबरपासून पैशांचा जामीन बंदच केला. आमच्याकडे अजून दुकानं चालू आहेत.

गोंयकार:
विषयांतर करतो, पण 'तुरुंग' का कोणी विचारात घेत नाही? कारागृह संस्कृत, कैद अरबी, जेल इंग्रजी, आणि तुरुंग आमच्या वाटेने आलेला, पोर्तुगीज 'त्रोंको'पासून. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड. ओंडक्याला भोकं पाडून त्यात पाय अडकवायचे, त्या ओंडक्याचं नाव पुढे त्या जागेला लागलं. मराठीत हाच प्रवास आपला आपण झालाय: खोड, त्यावरून खोडा. 'कामात खोडा घातला' म्हणताना आपण कुणाचे तरी पाय लाकडात अडकवत असतो. दोन भाषांना एकाच लाकडातून एकच गोष्ट सुचली, याची मला फार गंमत वाटते.

आतबाहेर:
मी मुंबईतल्या तुरुंगांमध्ये एका संस्थेतर्फे बरीच वर्षं जात होते. (मुंबईच्या तुरुंगांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेमाने जायला लागले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'मुळे, 1990 मध्ये. मी त्यातली नव्हे.) दूरदेशी, तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

आधी 'कच्चा'. कोर्टकारकूनांनी तो सहज सांगितला, सगळेच सहज म्हणतात, आतले लोकही स्वतःबद्दल म्हणतात. मला तो शब्द खुपतो. कच्ची पावती पुढे पक्की होते. कच्चा रस्ता पक्का होतो. कच्चा आंबा अढीत घातला की पिकतो. म्हणजे या शब्दात पुढची पायरी ठरलेलीच आहे: हा आज ना उद्या पक्का होणार. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यांतली 4,34,302 न्यायाधीन. चारांतले तीन. एवढ्या सगळ्यांना आपण अढीत घातलंय.

'बंदी' त्यातल्या त्यात बरा, पण त्याला दुसरं दुखणं. 'बंदी उठवा' हे वाक्य कागदावर वाचलं तर माणसाला उठवायचं की मनाई? आम्ही आपसांत नुसतं 'लोक' म्हणायचो. 'आज किती लोक भेटले?' अहवालात न्यायाधीन बंदी, बोलण्यात लोक.

आता समुपदेशन. माझ्या डोळ्यांदेखत हा शब्द झिजला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या समुपदेशनाने व्हायच्या, म्हणजे यादीतून गाव निवडायचं. कॉलेजप्रवेशाच्या फेऱ्यांनाही समुपदेशन म्हणतात. असा शब्द घेऊन बराकीत गेलं की लोक विचारतात, 'मॅडम, कुठे बदली?' हे खरंच एकाने विचारलं होतं, आणि तो स्वतः शिक्षक होता.

आम्हाला आत 'संस्थावाल्या ताई' म्हणत. कामं सगळी फोनाची आणि चपला झिजवण्याची. घरी कळवा मी कुठे आहे. पोरं कोणाकडे आहेत बघा. सरकारी वकील दिलाय म्हणतात, तो दिसतो कसा ते तरी सांगा. बायकांच्या बराकीत सहा वर्षांखालची मुलं आईबरोबर राहू शकतात. मूल सहाचं होत आलं की आईची झोप उडायची, तो महिना आम्ही तिथेच असायचो. पाच हजारांच्या जामिनावर महिनोन्‌महिने अडकलेला माणूस मनाचं काय सांगणार? आधी पाच हजारांचं बोलतो.

लिंबूटिंबू:
'कच्चा'ची एवढी निंदा नको. कच्चा लिंबू म्हणजे ज्याच्यावर राज्य येत नाही!

आतबाहेर:
हो, आणि इथे राज्य येतं ते फक्त त्याच्यावरच.

कोर्टकारकून (निवृत्त):
ताई, तुमचा आंबा मला पटला नाही, पण रात्रभर डोक्यातून गेलाही नाही. चाळीस वर्षं रोजनाम्यात 'आरोपी हजर' लिहिलं. 'आरोपी' या शब्दात तरी कुठे निवाडा आहे? आरोप आहे एवढंच. पण बाहेर कोणालाही विचारा, आरोपी म्हणजे गुन्हेगार. शब्दाचा दोष नाही, ऐकणाऱ्याचा आहे. उद्या 'न्यायाधीन' रुळला की त्यालाही तोच वास येईल.

पाटीपेन्सिल:
'सोशल वर्कर'चं काय ते राहिलंच. 'समाजसेविका' अजिबात लिहू नका. समाजसेवक म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारा, मनगटात सोन्याचं कडं. सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' हे पद आहे, पण रुग्ण त्यांना 'फॉर्मवर सही देणाऱ्या मॅडम' म्हणूनच ओळखतात. आमच्यात सरळ 'मी एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) आहे' म्हणतात. पदवी तेच पद.

दूरदेशी:
सगळ्यांचे आभार. आता ज्याच्यासाठी खरं तर हा धागा काढला ते विचारते. पहिल्याच दिवशी विचारायला धीर झाला नाही.

इतक्या वर्षांत मराठी माणूस माझ्यासमोर एकदाच आला. (तपशील थोडे बदललेत.) मुलाकडे राहायला आलेले साठीतले गृहस्थ. घरातलं भांडण, आरडाओरडा, कोणीतरी 911 ला फोन केला, पोलीस आले आणि घेऊन गेले. आत येणाऱ्या प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारतात, त्यात आत्महत्येचा असतोच, कारण पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. फोनवर दुभाषी मिळाला तो हिंदीचा. त्याने विचारलं, 'क्या आप आत्महत्या करना चाहते हैं?' काकांनी हात जोडले आणि म्हणाले, 'नहीं साहब, मैंने कुछ नहीं किया.' हत्या एवढंच त्यांना ऐकू आलं. अंगावर आणखी एक कलम लावतायत असं वाटलं त्यांना. कागदावर 'नाही'ची खूण पडली.

दुपारी मी गेले. खाली मान घालून बसले होते. मी मराठीत बोलले तशी मान वर केली. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, 'काका, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?' बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'वाटतं.' त्यांना लगेच नजरेखाली ठेवलं. तिथे फाडता न येणारा जाड झगा घालायला देतात, तो घालताना त्यांना झालेली लाज मला अजून दिसते.

प्रश्न असा: आमच्या प्रशिक्षणात बजावून सांगतात की आडपडदा ठेवू नका, मरणाचा शब्द उच्चारा, विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. मी तर आडपडद्यानेच विचारलं, आणि उत्तर त्यानेच आलं. मग मराठीत सरळ विचारणं म्हणजे काय?

शब्दवेल्हाळ:
'आत्महत्या' हा पेपरातला आणि पंचनाम्यातला शब्द. त्यात 'हत्या' असल्यामुळे करणारा आपोआप गुन्हेगार होतो. कायद्यातही बराच काळ तसंच होतं, प्रयत्न केला की कलम 309. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते सैल केलं आणि नव्या न्याय संहितेत ते कलम त्या रूपात राहिलं नाही. पण बोलीमराठीने त्याला कधीच हत्या म्हटलं नव्हतं. 'तिने विहिरीत जीव दिला.' देणे! कोणाला दिला, का दिला, ते वाक्य विचारत नाही. 'जिवाला कंटाळला', 'जीव नकोसा झाला', 'जिवावर उदार झाला' यांतलं प्रत्येक वेगळं आहे. पहिल्यात थकवा, दुसऱ्यात नकार, तिसऱ्यात चक्क शौर्य.

आतबाहेर:
दूरदेशी, तुम्ही चुकलात असं मला वाटत नाही, पण तिथे थांबला असतात तर चुकला असतात. 'बरंवाईट' हा चांगला उंबरठा आहे. मात्र त्याला 'हो' आलं तर ते कशालाही आलेलं असू शकतं. 'मला कसंतरी होतंय' यालाही लोक 'हो' म्हणतात. आम्ही पायरीपायरीने जायचो. झोप लागते का, जेवण जातं का. जीव नकोसा झालाय का. मग सरळ: 'मरून जावं असं वाटतं?' आणि त्याच्यापुढे, 'कसं, ते मनात ठरवलंय?' हा शेवटचा विचारायला सुरुवातीला माझीच जीभ रेटत नसे. 'मरून जाणे' यात ना हत्या, ना आडपडदा. घरात रागाने माणसं रोज म्हणतात, 'मरून जाईन एक दिवस', त्यामुळे शब्द परका वाटत नाही. दुभाष्यालाही वाक्य असंच लिहून द्या.

आणि 'काका' म्हणालात ते तुमच्या त्या कागदात बसत नसेल, पण निम्मं काम त्याने केलं.

पाटीपेन्सिल:
यावरून आठवलं. 'येरवड्याला पाठवा' म्हटलं तर पुण्यात कुठे पाठवायचं? तुरुंग पण तिथे, मनोरुग्णालय पण तिथे. ठाण्याचं तेच. नागपूर, रत्नागिरी, तेच. राज्यातली चारही जुनी मनोरुग्णालयं ज्या गावांत आहेत तिथे तुरुंग आहेच.

दूरदेशी:
इथे ते एकाच इमारतीत आहे. गेल्या शतकात मोठी मनोरुग्णालयं एकेक करून रिकामी केली, गावोगाव उपचारकेंद्रं निघणार होती ती पुरेशी निघाली नाहीत, आणि आजारी माणसं रस्त्यामार्गे आमच्याकडे आली. म्हणून तर काउंटी जेलला माझ्यासारखे इतके लोक लागतात.

जागेसाठी 'काउंटीचा तुरुंग' ठेवतेय, गोंयकारांच्या खोडासकट. माणसांसाठी 'लोक'. पण 'न्यायाधीन' एकदा तरी येईल, कारकूनकाकांसाठी. आता शेवटचा एक शब्द. आतल्या माणसाला माझी भेट हवी असली की तो एक फॉर्म भरून पेटीत टाकतो. त्याला अमेरिकन जेलच्या बोलीत 'काइट' म्हणतात. पतंग. काय लिहू?

कोर्टकारकून (निवृत्त):
अर्ज. 'भेटीसाठी विनंती अर्ज.'

लिंबूटिंबू:
पतंगच ठेवा की! कटलेला.

आतबाहेर:
साहेबांकडे जातो तो अर्ज. तुमच्याकडे येते ती चिठ्ठी.

दूरदेशी:
चिठ्ठी. आज सकाळी ट्रेमध्ये बावीस होत्या. एकीवर फक्त पलंगाचा नंबर आणि 'प्लीज'.