आधी विचारा, मग वाचवा

विज्ञानकथेत परग्रहवासी मरत असेल तर आधी वाचवा, त्याचं मन नंतर समजून घ्या, हे मत मला पटत नाही. आपल्याच समुद्रातली ऑक्टोपसची मादी बघा. अंडी घातली की ती खाणं सोडते, अंड्यांवर पाणी खेळवत राहते आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास मरते. १९७७ साली संशोधक जेरोम वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या. माद्या पुन्हा खाऊ लागल्या, जास्त जगल्या, पण अंडी राखणं त्यांनी सोडून दिलं! आता हीच मादी परग्रहावरची, विचार करणारी, बोलणारी आहे असं धरा. यानातला डॉक्टर तिला 'बरी' करेल आणि तिच्या लेखी तो घातच ठरेल. विज्ञानकथेत मला तो डॉक्टर हत्यारं बाजूला ठेवून तिची भाषा शिकताना वाचायचाय, हातात वेळ कमी असला तरी.