ॲनिमेशनपटात गुरूच सगळी गोष्ट खाऊन टाकतोय, काय करावं?

पूर्वभाग_विणकर
११ मिनिटांची टू-डी अद्भुतकथा आहे. सोलापूरच्या विणकराची मुलगी अंबू, वय १२. सिद्धेश्वर तलावाच्या तळाशी एक नगर, त्यावर विणलेलं छत, आणि ते विरत चाललंय. वाट दाखवणारे नरसय्याआजोबा, सोबत एक माळढोक पक्षी, एक मैत्रीण, दोन जुळे रखवालदार. ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांची जोडलेली चाचणी-फिल्म) बघणाऱ्यांच्या लक्षात आजोबाच राहतात. त्यांना सगळं ठाऊक आहे आणि शेवटी छतही तेच विणतात. त्यांना मध्येच मारावं का? आणि एवढ्या लहान फिल्मला सोबतची पात्रं किती पुरेत?

कथाकागद
मारू नका. मेल्यावर तर प्रेक्षक त्यांचाच विचार करत बसेल, आणि अंबूच्या दुःखाला ११ मिनिटांत जागा कुठून आणणार?

त्यांना अट घाला. शस्त्र हाती धरणार नाही असं आधी सांगून कृष्ण रथावर बसतो, म्हणून युद्ध अर्जुनाचं राहतं. आणि अट आहे म्हणूनच तो भीष्मांवर चाक घेऊन धावतो तो प्रसंग अंगावर येतो. तुमच्याकडे तर अट आयती आहे: खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग. आजोबांचे पाय खड्ड्यात, पावड्यांवर (पायाने दाबायच्या पट्ट्यांवर). पाय थांबले की उरलेलं छतही सुटेल, असं सुरुवातीलाच दाखवा. मग त्यांना जागचं हलता येत नाही आणि खाली जाणं अंबूलाच भाग पडतं.

त्यांनी शिकवायचं ते एकच, तुटलेला धागा सांधणं. पहिल्या २ मिनिटांत, संवादाशिवाय. ताण्याचा (उभा) धागा तुटतो, आजोबा दोन्ही टोकं चिमटीत धरून बारीक गाठ मारतात. अंबूची गाठ जाड होते, मागाच्या फणीत अडकते, धागा पुन्हा तुटतो. मधल्या एका संकटात घाईमुळे तीच चूक होऊ द्या. शेवटी मात्र शिकवलेलं जसंच्या तसं करून चालणार नाही, नाहीतर जिंकले आजोबाच. धागा संपलाय म्हणून ती स्वतःच्या परकराचा काठ उसवते. ही युक्ती तिचीच हवी.

चौकट२४
पात्रं चार बस झाली: अंबू, आजोबा, माळढोक आणि एकच रखवालदार. मैत्रीण गाळा. प्रत्येक प्रसंग कागदावर एका ओळीत लिहा आणि एकेका पात्राचं नाव बोटाने झाका. प्रसंगाचा शेवट बदलत नसेल तर ते पात्र तिथे नको.

खर्चाचंही बघा. सेकंदाला २४ चौकटी, एक चित्र दोन चौकटी धरलं तरी १२ चित्रं. तीन पात्रं हलती ठेवली तर १० सेकंदांच्या शॉटला ३६० चित्रं होतात. हात आखडला की मागची पात्रं पुतळ्यासारखी थिजतात, आणि प्रेक्षकाची नजर नेमकी तिथेच जाते.

सगळी पात्रं शेजारीशेजारी उभी करून काळ्या रंगाने भरा आणि छोटी करून बघा. काठी घेऊन ताठ उभे आजोबा आणि ताठ मानेचा माळढोक, म्हणजे दोन उभ्या रेघा, ओळखू येणार नाहीत. मागावर वाकलेले आजोबा लगेच वेगळे दिसतात. दाढी दिलीत तर ओठांची चित्रं कमी लागतील, पण दाढीचं टोक हनुवटीच्या मागून दोन-तीन चित्रं उशिरा यायला हवं. नाहीतर ती चिकटवल्यासारखी दिसते. आणि त्यांना सलग ८ सेकंदांहून जास्त बोलू देऊ नका. जादूचे नियम भाषणात सांगितले की गुरू हमखास कंटाळवाणा होतो.

पूर्वभाग_विणकर
मागाची अट पटली, धन्यवाद. माळढोक विनोदासाठी घेतलाय. गंभीर प्रसंगांत त्याचं काय करू?

कथाकागद
त्याला स्वतःचं काहीतरी हवं असू द्या. इटालियन लेखक कोलोदीच्या मूळ पुस्तकात लाकडी बाहुला पिनोकिओ बोलक्या रातकिड्याला सुरुवातीलाच हातोडा फेकून मारतो. १९४० च्या डिस्नेपटात तोच रातकिडा सद्सद्विवेक म्हणून शेवटपर्यंत सोबत राहतो, आणि स्वतःही चुकतो. कामाच्या पहिल्याच सकाळी तो उशिरा उठतो. म्हणून तो उपदेशाचं यंत्र वाटत नाही.

माळढोक हा सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळावरचा पक्षी, त्याला मोकळं रान हवं. छताखाली त्याचा जीव घुसमटतो. विनोद या भीतीतूनच काढा. हीच भीती आठव्या मिनिटाला त्याला माघारी पळवेल आणि अंबू एकटी पडेल. परत आल्यावर त्याला संवाद देऊ नका, धाग्याचं दुसरं टोक चोचीत घट्ट धरू द्या. ते दृश्य ॲनिमॅटिकमध्ये त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय असं दोन्ही प्रकारे लावून बघा, आणि त्यानंतरच रंगकामाला घ्या.