जुना पीसी, नवं ग्राफिक कार्ड : लावलंत का कुणी? अनुभव लिहा

कोथरूडचा_केदार
दिवाळीची झाडलोट चालू आहे. टेबलाखालचा सीपीयू ओढून काढला, बाजूचं पॅनल उघडलं तर आत स्क्रीनवर गेमचं चित्र काढणारं माझं जुनं ग्राफिक कार्ड, जीटीएक्स १०५० टीआय, पंख्याच्या पात्यांवर अक्षरशः गोधडी. घेतलं तेव्हा तपकीर गल्लीत (पुण्यातला कॉम्प्युटरचा बाजार) बाबा बरोबर होते. त्यांनी दुकानदाराला विचारलं, याने अभ्यासाला काय फायदा? तोही पक्का, म्हणे काका, ऑटोकॅड पळतं. मी कॉमर्सला होतो, इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मला कशाला :) बाबांनी मान डोलावून पैसे दिले.
आता पुतण्या मागे लागलाय, काका कार्ड बदल. मशीन आय५ चौथ्या जनरेशनचं, ८ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघतोय, ७० वॅट खातं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या डब्यात नवं कार्ड घातलेल्यांनी लिहा ना काय झालं ते.

स्वरदा_एम
एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागची वेगवान डिस्क) आहे का आधी?? नसेल तर कार्डबिर्ड राहू दे. आमच्याकडे नवऱ्याने हौसेने कार्ड आणलं, हार्ड डिस्क तीच. गेम लोड होईस्तोवर माझा कुकर व्हायचा. नंतर एसएसडी टाकली तेव्हा कुठे घरात शांतता. बाकी नंतर लिहिते, चिवडा गॅसवर आहे

फिरस्ता_पुणे३०
२०२१ ला ग्राफिक कार्डांवर क्रिप्टो नाणी काढणाऱ्या मायनिंगवाल्यांमुळे भाव असे चढले होते की माझं वापरलेलं आरएक्स ५८० कार्ड मी घेतल्या किमतीपेक्षा जास्तीला विकलं आणि वर्षभर इंटेलच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर बुद्धिबळ खेळलो. मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग बंद झालं आणि सेकंडहँड कार्डांचा पूर आला, त्यातलंच एक आणलंय, अजून चालतंय. पण घेताना विकणाऱ्याच्या घरी ठाण मांडून बसलो, अर्धा तास कार्ड पूर्ण ताणणारी स्ट्रेस टेस्ट लावली, त्याच्या आईने दोनदा चहा दिला, मगच पैसे.

स्वरदा_एम
दोनदा चहा, आणि पेठेत नव्हे ना? :))

फिरस्ता_पुणे३०
हडपसर. पेठेत असतो तर टेस्ट बाहेर जिन्यात झाली असती

अण्णा_सदाशिव
पेठेवर घसरायची गरज नव्हती. असो. मावसभावाने ८ पिनची पॉवर केबल लागणारं कार्ड आणलं, एसएमपीएसला ती पिनच नाही. कुणीतरी मोलेक्सवरून (जुनी चार पिनची पॉवर केबल) ८ पिन करणारा कन्व्हर्टर गळ्यात मारला. ८ पिनमधून १५० वॅट जाऊ शकतात, त्या पिवळ्या बारीक वायरीला झेपणार का? रात्री जळका वास. आजी उठली, तिला वाटलं देवघरातलं निरांजन कलंडलं. कनेक्टर वितळून पार चिकटला होता, कार्ड मात्र वाचलं. एसएमपीएस उचलून बघा, हातात हलका लागला तर लेबलवरच्या ४५० ला काही अर्थ नाही.

बोर्ड_बघ_आधी
केदार, मदरबोर्ड एच८१ आहे की बी८५? एच८१ ला पीसीआयई (कार्ड बसतं तो स्लॉट) जुनं, हळू २.० च मिळतं आणि ३०५० आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं, म्हणजे चांगलाच फटका. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनवर चालतं, त्याच्या वाटेला जाऊच नकोस. अजून एक, मला जुन्या बोर्डावर नवं कार्ड लावल्यावर डिस्प्लेच येईना, पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. शेवटी बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर आला. आणि मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असेल तर तुझं १०५० टीआय काय वाईट आहे?

निवांत_नऱ्हे
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना. चौथ्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठवी लागते. त्यात पैसे ओतायचे तर नवीन मशीनमध्ये पुढे नेता येईल असंच कार्ड घे. मी तेच केलं, आधी कार्ड, वर्षाने बाकीचं. मधलं वर्ष जुना प्रोसेसर शंभर टक्के राबायचा आणि कार्ड आरामात, पण नुकसान काही नाही.
अवांतर: तपकीर गल्लीत गाडी कुठे लावता तुम्ही लोक?

अण्णा_सदाशिव
लावत नाही. मेट्रोने मंडईला उतरा, चालत जा. कोथरूडवाल्यांनी वनाजला बसावं, सिव्हिल कोर्टला बदलावं. गाडी आणून वर आम्हालाच विचारतात पार्किंग कुठे.

कोथरूडचा_केदार
धन्यवाद मंडळी. बघितलं, एच८१ च निघाला, आणि मॉनिटरही तोच १३६६ वाला. सध्या एसएसडी आणि ८ जीबी रॅम जास्तीची, पंखा ब्रशने साफ, कार्डाला नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारी). पुतण्याचं तोंड एवढंसं झालंय, त्याला सांगितलंय दहावीनंतर अख्खं मशीनच बघू. त्याचे आईवडील मला काय म्हणतील ते वेगळं.

बोर्ड_बघ_आधी
रॅम डीडीआर३ घे हां, डीडीआर४ बसणार नाही. जुन्या बाजारात पण मिळते बुधवार-रविवारी, नशीब असेल तर.

स्वरदा_एम
आले. चिवडा थोडा खाली लागला, तुमच्यामुळे. पेस्ट किती लावायची असते? नवरा अख्खी ट्यूब घेऊन बसलाय इथे

फिरस्ता_पुणे३०
वाटाण्याएवढी!! थांबवा त्यांना