साखरेची फुलं शिकायची आहेत, नागपूरकरांनो सल्ला द्या

गुलकंद:
ऑगस्टमध्ये भाचीचा साखरपुडा आहे, केक मीच करणार. स्पंज आणि क्रीम छान जमतं, पण तिला वर साखरेचे गुलाब हवेत. फॉण्डंटच्या (केक झाकायच्या साखरेच्या कणकेच्या) पाकळ्या केल्या की लवंडून राहिल्या. काय चुकतंय? घरात अंडं चालत नाही.

शेवंती:
ताई, नुसतं फॉण्डंट केक झाकायला ठीक, पाकळी उभी ठेवायला नाही. पाव किलो फॉण्डंटमध्ये एक सपाट छोटा चमचा सीएमसी पावडर (कणीक घट्ट करणारी) मळा आणि पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. सीएमसी वनस्पतीजन्य आहे. फॉण्डंटच्या डब्यावरचा हिरवा ठिपका मात्र बघून घ्या, काहींत जिलेटिन असतं. चिकटवायलाही हीच पावडर: चिमूटभर घेऊन दोन चमचे पाण्यात भिजवा, सकाळी गोंद तयार.

मोठा सेट आत्ताच घेऊ नका. पाच पाकळ्यांचं कटर, बॉल टूल (टोकाला गोळी असलेली दांडी), मऊ फोमची गादी आणि छोटं लाटणं एवढं पुरे. इतवारीत बेकरीच्या सामानाच्या दुकानांत विचारा.

आधी गुलाबाची कळी करा. लांबट थेंबासारखी, पाकळीपेक्षा थोडी बुटकी, आणि टूथपिकवर खोचून दिवसभर वाळू द्या. ओल्या कळीवर पाकळ्या लावल्या की सगळं फूल खाली घसरतं. पाकळी फोमवर ठेवून बॉल टूल अर्धं कडेवर, अर्धं फोमवर असं हलक्या हाताने फिरवा. कड पातळ होते, जरा मुरडते, आणि तिथेच गुलाब जिवंत वाटायला लागतो! पहिली पाकळी कळीचं टोक पूर्ण झाकेल अशी गुंडाळा, मग तीन, मग पाच, प्रत्येक आधीच्या पाकळीवर थोडी चढवून.

संत्रानगरी:
वरचं सगळं बरोबर, पण खरा प्रश्न आपल्या हवेचा आहे. मे महिन्यात पाकळी हातातच सुकून तडकते, म्हणून लाटलेली पेस्ट प्लास्टिकखाली झाका. कूलरच्या खोलीत फुलं अजिबात वाळवू नका, त्या ओल्या हवेने ती पुन्हा मऊ पडतात. ऑगस्टमध्ये तर बाहेरचीच हवा दमट, साखर ओल ओढून घेते. त्यामुळे एसीची खोली, नाहीतर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. फुलं आठ-दहा दिवस आधीच करून ठेवता येतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं.

गुलकंद:
मनापासून धन्यवाद दोघींना! केक व्हिप्ड क्रीमचा आहे, चालेल ना?

संत्रानगरी:
क्रीमला लागली की फुलं विरघळतात हो. वरचा थर गनाशचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या चॉकलेटचा करा. क्रीमच हवं असेल तर फुलांखाली चॉकलेटची चकती ठेवा आणि केक कापायच्या थोडं आधीच फुलं लावा.

शेवंती:
आणि तार वापरलीत तर ती सरळ केकमध्ये खुपसू नका. स्ट्रॉचा तुकडा आधी रोवा, तार त्यात. वाढण्याआधी ही फुलं काढून ठेवा, लहान मुलं आधी फुलालाच हात घालतात.