‘अंग आंबणे’ आणि अ‍ॅक्युपंक्चरची सुई: शब्द सुचवा

पाटीपेन्सिल:
एका अ‍ॅक्युपंक्चर केंद्रात रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. गाडी एका वाक्यापाशी अडली आहे. सुई नेमक्या जागी पोचली की आत जे जाणवतं त्याला चिनीत ‘दे छी’ म्हणतात आणि ते चार तऱ्हांचं सांगतात: सुआन, मा, चांग, चोंग. माझ्यासमोरच्या इंग्रजी मसुद्यात त्याचं सोअरनेस, नम्बनेस, डिस्टेन्शन, हेविनेस केलेलं आहे. मी ‘दुखणे, बधिरपणा, फुगवटा, जडपणा’ असं लिहून दिलं. डॉक्टरांनी जडपणा ठेवला आणि बाकीचे तिन्ही खोडले. त्यांचं म्हणणं असं की ‘दुखेल’ छापलं तर माणूस पहिल्या सुईलाच पाय आखडून घेतो. शिवाय ‘दुखतंय’ एवढंच तो म्हणाला तर त्यांना काहीच कळत नाही. कातडीवर चरचरलं किंवा वीज गेल्यासारखी सणक आली तर सुई मागे घ्यायची असते. आत खोल, बोथट, पसरत जाणारं काही जाणवलं तर जागा बरोबर. ही दोन दुखणी वेगळी सांगणारे शब्द हवेत, आणि ते रुग्णाच्या तोंडचे हवेत. ‘होलिस्टिक’ला तुम्ही काय वापरता तेही सांगा, पण त्याची घाई नाही.

सोनटक्का:
मुळात मथळ्यापासून सुरुवात करा. ‘अ‍ॅक्युपंक्चर’ कशाला? ‘सूचिवेधन’ म्हणा. सूची म्हणजे सुई, वेधन म्हणजे टोचणं. कर्णवेध, सिरावेध हे शब्द आपल्याकडे हजारो वर्षं आहेत. सुश्रुताने शीर कुठे वेधायची आणि कुठे नाही हे सविस्तर सांगितलं आहे. घरात शब्द असताना उसनवारी का?

माळरान:
सोनटक्का, उसनवारी चिनी लोकांकडून झालेलीच नाही. ‘अ‍ॅक्युपंक्चर’ हा शब्द विलेम टेन राइने या डच डॉक्टरने रूढ केला. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत जपानमधल्या नागासाकीच्या देजिमा बेटावर होता, तिथे त्याने हे उपचार पाहिले आणि १६८३ साली त्याचं लॅटिन पुस्तक लंडनला छापलं गेलं. लॅटिनमध्ये अकुस म्हणजे सुई, पुंक्तुरा म्हणजे टोचणं. म्हणजे ‘सूचिवेधन’ हे लॅटिनचं भाषांतर झालं. चिनी शब्द आहे ‘चेनच्यू’: चेन म्हणजे सुई आणि च्यू म्हणजे दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा वाळलेला पाला जाळून दिलेला शेक. तुमच्या शब्दातून निम्मा उपचार गळतो. आपल्या राज्याच्या २०१५च्या कायद्याच्या नावातही ‘अ‍ॅक्युपंक्चर’च आहे. तो शब्द आता मराठी झाला.

सोनटक्का:
कायद्यात आला म्हणून मराठी झाला? मग सातबाऱ्यावरची सगळी फारसीही शुद्ध मराठी म्हणायची.

माळरान:
हो, म्हणायचीच. ‘जमीन’ला तुम्ही रोज काय म्हणता?

बांधावरचा:
मूळ प्रश्नाकडे या. पाटीपेन्सिलताई, ‘अंग आंबणे’ हा शब्द बघा. रात्रभर उसाला पाणी पाजलं की सकाळी उठल्यावर मांड्या, खांदे आंबलेले असतात. ते दुखणं टोचणारं नसतं, कळ मारत नाही, आतल्या आत सगळीकडे पसरलेलं असतं. आई म्हणायची, “पाय आंबलेत, जरा तुडव.” तुडवलं की त्या दुखण्यात बरंही वाटतं. डॉक्टरांना हवं ते हेच असावं.

रानजाई:
मी सिंगापुरात असते आणि हे वाचून खुर्चीत सरळ बसले. सुआन म्हणजे शब्दशः आंबट! मुरवलेल्या भाजीला, व्हिनेगरच्या चवीला लावतात तोच शब्द दमलेल्या पायांनाही लावतात. माझ्या शेजारच्या आजी जिना चढून आल्या की मांडी चोळत सुआन, सुआन करतात. इंग्रजीच्या वाटेने ‘सोअरनेस’पर्यंत येताना हा आंबटपणा हरवला आणि मराठीत तो आधीपासून आहे. बांधावरचा, तुम्ही मधला दुभाषाच काढून टाकलात.

सोनटक्का:
हा योगायोग नाही. अम्ल आणि सुआन यांचं मूळ कुठेतरी एक असणार. बौद्ध भिक्षूंबरोबर शब्द गेले आहेत. किंवा शास्त्रीय कारण घ्या: श्रमाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं. पूर्वजांना ते कळलं होतं, म्हणून ‘आंबणे’.

चकलीभाजणी:
सोनटक्का, दोन्ही पटत नाही. संस्कृत अम्ल, प्राकृतात अंब, मग आपलं आंबट, आंबील, आंबणे अशी ओळ सरळ लागते. सुआन हा चिनीतला जुना स्वतंत्र शब्द आहे. भिक्षूंबरोबर गेलेले शब्द ‘ध्यान’सारखे, धर्माचे. पाय दुखले हे सांगायला कोणी परका शब्द घेत नाही.
आणि लॅक्टिक आम्लाचं म्हणाल तर मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हा समज खोडते. ते आम्ल शेले या रसायनज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळं केलं, म्हणून त्याचं नाव दुधावरून पडलं. पण व्यायाम थांबला की तासाभरात ते रक्तातून निवळतं. अंग आंबतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्याचं कारण स्नायूंच्या तंतूंना पडलेले बारीक ताण आणि त्यामागून येणारी सूज. शब्द सुंदर आहे, त्याला प्रयोगशाळेचा टेकू नको.

परिचारिका_गड:
मला ‘बधिरपणा’बद्दल सांगायचं आहे आणि हे गंभीरपणे घ्या. मी गडचिरोलीत काम करते. कुष्ठरोग शोधमोहिमेत आम्ही घरोघर विचारतो, अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आहे का. इथल्या माणसाला ‘बधिर’ म्हटलं की तेच आठवतं. सुईने बधिरपणा येईल असं छापलंत तर तो घाबरून जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे उद्या खरा चट्टा बधिर झाला तर “सुईमुळे असेल” म्हणून घरी बसेल. ‘मुंग्या’ लिहा.

सोनटक्का:
‘बधिर’चा अर्थ मुळात बहिरा. कातडीला लावणं हाच अपप्रयोग.

परिचारिका_गड:
दादा, त्या ‘अपप्रयोगा’ने वेळेवर निदान होऊन कितीतरी बोटं वाचली आहेत.

तारकर्लीकर:
‘मा’ला मुंग्याही नकोत. मुंग्या पाय चेपून बसल्यावर येतात आणि त्या नकोशा असतात. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ चुकून दाताखाली आलं की जिभेला जे होतं, तिखट नाही, आंबट नाही, नुसती जीभ झिणझिणते, ते कोकणात लहान मुलालाही ठाऊक असतं. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी तिरफळाच्याच कुळातली आहे आणि ती खाल्ल्यावर जे होतं त्याला ते ‘मा’च म्हणतात. म्हणून ‘झिणझिण’.

परिचारिका_गड:
तिरफळ आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. झिणझिण्या मात्र चालतील.

कर्दळी:
गुडघ्यासाठी मी हे उपचार घेतले आहेत, म्हणून अनुभवाचं सांगते. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नळीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे. चार बोटं आपलीच मोजायची, डॉक्टरांची नाही. सुई केसासारखी, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. आत जाताना काही कळलंच नाही. मग त्यांनी ती दोन बोटांत धरून किंचित फिरवली आणि नडगीच्या कडेने घोट्याकडे काहीतरी दाटत उतरलं. ‘फुगवटा’ अजिबात नाही, वरून पाय होता तसाच होता. आत दाटलं. गळा दाटतो, ढग दाटतात, तसं. तिसऱ्या शब्दाला ‘दाटणे’ घ्या.

चकलीभाजणी:
‘दाटणे’ला माझं मत. ‘तट्ट होणे’पेक्षा मऊ आहे.

माळरान:
एक शंका, राग मानू नका. हे सगळं जाणवतं ते ठीक, पण गुण येतो का? मळमळीवर, विशेषतः ऑपरेशननंतरच्या, मनगटाच्या आतल्या बिंदूचा उपयोग चाचण्यांत बऱ्यापैकी दिसला आहे. कंबरदुखीत मात्र खोट्या सुईशी, म्हणजे उपचाराचा नुसता भास देणाऱ्या सुईशी, तुलना केली की फरक लहान उरतो. माहितीपत्रकात ‘सर्व रोगांवर’ असं काही असेल तर ते आधी खोडा, मग शब्द शोधा.

पाटीपेन्सिल:
तसं वाक्य होतं, डॉक्टरांनीच काढलं. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया आणि गरोदर असाल तर आधी सांगा, हे ठळक टाइपात घेतलं आहे. सध्याचा मसुदा: “सुईच्या जागी आंबल्यासारखं, झिणझिणल्यासारखं, दाटल्यासारखं किंवा जड वाटेल. चरचरलं किंवा सणक आली तर लगेच सांगा.”

वऱ्हाडी_कापूस:
थांबा. आमच्या घरी ‘आंबलं’ म्हणजे वरण खराब झालं. अंग आंबतं हे मी आज पहिल्यांदा वाचतो आहे. आमची आजी ‘अंग ठणकते’ म्हणते. माझ्या वडिलांना हा कागद दिला तर पायात पू झाला की काय असं विचारतील.

बांधावरचा:
ठणकणं वेगळं. ठणका गळवाला लागतो, त्यात ठोका असतो. आंबण्यात ठोका नाही.

वऱ्हाडी_कापूस:
तुमच्याकडे नसेल. आजीचे पाय रोज ठणकतात, गळू एकही नाही.

सोनटक्का:
म्हणूनच प्रमाण शब्द हवा, सर्वांना समान परका. ‘अम्लवेदना’ कसा वाटतो?

परिचारिका_गड:
हे छातीत जळजळ होते त्याचं नाव वाटेल.

रानजाई:
दोन्ही छापा ना, “आंबल्यासारखं किंवा आतून ठणकल्यासारखं”. पाटीपेन्सिल, ओळ थोडी लांबेल एवढंच.

बांधावरचा:
ठणकल्यासारखं छापलं की सणक आलेला माणूस गप्प बसेल, “सांगितलंच होतं” म्हणून. डॉक्टरांची अडचण परत तिथेच आली. वऱ्हाडी भाऊ, दिवसभर कापूस वेचून आल्यावर आजीची कंबर ‘ठणकते’ की आणखी काही म्हणतात? खास त्या दुखण्याचं विचारून सांगा.

वऱ्हाडी_कापूस:
विचारतो. ती सध्या मावशीकडे आहे, रविवारी फोन करतो.