एच६१ आणि बी७५ बोर्डांच्या बायोसमध्ये एनव्हीएमई मॉड्यूल टाकायचे आहे. मायक्रोकोड, एमईसुद्धा बदलावे का?

पांझराकाठ (धुळे):
नमस्कार मंडळी. संगणक वर्गातल्या आठ मशीनबद्दल सल्ला हवा आहे. पाच बोर्ड एच६१ चिपसेटचे, त्यात आय३-३२२० प्रोसेसर. तीन बी७५चे, त्यात आय५-३४७०. सगळ्यांत एएमआय कंपनीचा आप्टिओ ४ बायोस (मशीन चालू करणारे, बोर्डावरच्या चिपमधले सॉफ्टवेअर) आहे आणि कंपनीची शेवटची आवृत्ती आधीच चढवलेली आहे. वेगळे ग्राफिक कार्ड कशातच नाही, त्यामुळे मोठा स्लॉट रिकामा आहे. त्यात अडॅप्टर लावून २५६ जीबीची एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी वेगवान एसएसडी) बसवायची आणि तिच्यावरूनच विंडोज चालू करायची, असा विचार आहे. बायोसला ती ओळखता यावी म्हणून त्यात तिचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, घालायचे आहे. विचारायचे ते असे:
१) मॉड्यूल नेमके कुठे आणि कसे घालायचे?
२) बायोस उघडतोच आहोत, तर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या), एमई (चिपसेटमधला इंटेलचा स्वतंत्र नियंत्रक), लॅन आणि रेडचे (अनेक डिस्क एकत्र चालवण्याचे) मॉड्यूलही नवीन करून टाकावेत का?
३) एका बोर्डाची फाइल तयार केली की तीच बाकी चारांत टाकली तर चालेल ना?

सातपुडा_७ (चोपडा):
तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण नुकसान तिथेच होते. नाही चालणार, भाऊ. बोर्ड एकाच मॉडेलचे असले तरी प्रत्येकाच्या चिपमध्ये त्याचा स्वतःचा मजकूर असतो. यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि सिरियल नंबर बायोसच्या भागात, इंटेलचे लॅन असेल तर मॅक पत्ता (लॅनचा ओळख क्रमांक) जीबीई या लॅनच्या भागात, आणि एमईच्या भागात त्या बोर्डावर सुरू झाल्यानंतर लिहिली गेलेली माहिती. एकाची पूर्ण बिन फाइल (चिपची जशीच्या तशी नक्कल) पाच ठिकाणी मारली की पाचही मशीनचा यूयूआयडी एकच होतो आणि विंडोजचे अ‍ॅक्टिव्हेशन अडू शकते. इंटेल लॅन असेल तर मॅकही एकच होतो. मग नेटवर्कवर दोन मशीनना एकच आयपी मिळतो, कधी एक तुटते कधी दुसरे, आणि माणूस केबल बदलत बसतो. रिअलटेकच्या लॅनचा मॅक सहसा लॅनच्याच चिपमध्ये असतो, म्हणून तिथे निदान हा त्रास नाही.

आठ बोर्ड म्हणजे आठ डंप (चिपमधून वाचून काढलेल्या फाइली), आठ बदललेल्या फाइली, आठ वेळा लिहिणे. फाइलच्या नावात मशीनचा क्रमांक घाला आणि कॅबिनेटवरही तोच क्रमांक चिकटवा.

रावेर_साडेतीन_व्होल्ट:
मॉड्यूलच्या आधी प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचे-लिहायचे यंत्र. तो टेबलावर नसेल तर बायोसला हात लावू नका.

सीएच३४१ए हा काळा प्रोग्रामर जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. सोबत एसओआयसी-८ची (आठ पायांच्या चिपवर बसणारी) क्लिप घ्या. पण त्याची एक खोड माहीत असू द्या. चिपला वीज ३.३ व्होल्टची जाते, मात्र डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. डब्ल्यू२५क्यू६४एफव्हीसारख्या ३.३ व्होल्टच्या चिपा ते बऱ्याचदा सोसतात, पण क्लिप बोर्डावरच लावली तर तेच ५ व्होल्ट चिपसेटच्या पायापर्यंत पोचतात. उपाय दोन. एक, सीएच३४१एच्या आयसीची २८ नंबरची पिन उचलून तिला आणि ९ नंबरला ३.३ व्होल्ट द्यायचे. दोन, व्होल्टेज बदलण्याचे बटण असलेला नवा प्रकार घ्यायचा. रास्पबेरी पाय असेल तर सर्वात उत्तम, त्याच्या पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या आहेत आणि चिप लिहिणारा फ्लॅशरॉम हा प्रोग्राम त्यावर थेट चालतो. तारा मात्र आखूड ठेवा, दहा-पंधरा सेंटिमीटर. लांब तारेने रीड चुकते.

चिपवरचा नंबर भिंगातून वाचा. डब्ल्यू२५क्यू३२ म्हणजे ४ एमबी, डब्ल्यू२५क्यू६४ म्हणजे ८ एमबी. नावात शेवटी एफडब्ल्यू असेल, किंवा एमएक्स२५यू अशी सुरुवात असेल, तर ती १.८ व्होल्टची चिप. तुमच्या पिढीच्या डेस्कटॉप बोर्डात ती सापडायची नाही, पण लॅपटॉपला हात लावाल तेव्हा लक्षात ठेवा.

तापीतीर (भुसावळ):
क्लिप लावायची रीत लिहिते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

पॉवरची केबल काढा. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. सीआर२०३२ सेल काढा. चिपवरच्या ठिपक्याशेजारची पिन १ नंबरची, क्लिपची लाल तार तिकडे. मग रीड करा. चिपचा आयडी नीट यायला हवा: विनबाँडच्या ८ एमबीला ईएफ४०१७, ४ एमबीला ईएफ४०१६, मॅक्रॉनिक्सच्या ८ एमबीला सी२२०१७. एफएफएफएफएफएफ किंवा ०००००० आले तर क्लिप नीट बसलेली नाही, उलटी आहे, किंवा बोर्डाचा बाकीचा भाग प्रोग्रामरची वीज ओढतो आहे. तिसरे कारण असेल तर चिप काढूनच वाचावी लागते. बऱ्याच बोर्डांवर ती आठ पायांची असते आणि सॉकेटमध्ये बसवलेली असते, मग काही प्रश्नच नाही, हळूच उपटून प्रोग्रामरमध्ये लावायची. फक्त खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो आधी काढा.

दोनदा रीड करा, क्लिप काढून पुन्हा लावून. दोन्ही फाइलींचा हॅश (मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) विंडोजच्या सर्टयुटिलने काढा. जुळला तरच तो बॅकअप. आकारही मोजा: ८ एमबीची फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइट, ४ एमबीची ४१,९४,३०४. एक बाइट इकडे-तिकडे नको.

सातपुडा_७ (चोपडा):
आता मॉड्यूल. बायोसची फाइल उघडून बदलणाऱ्या यूईएफआयटूलची ०.२८ आवृत्ती घ्या. नवीन इंजिनची आवृत्ती दिसायला चांगली आहे, पण ती फक्त वाचते, बदल करू देत नाही. तिचा उपयोग शेवटी तपासायला होतो.

स्वतःच्या बोर्डाचा डंप उघडा, कंपनीच्या वेबसाइटवरची फाइल नको. आधी एनव्हीएमई असा मजकूर शोधा. मॉड्यूल आधीच असेल तर घालायची गरजच नाही. नसेल तर डीएक्सई (बायोस सुरू होताना ड्रायव्हर चढतात तो टप्पा) शोधा म्हणजे डीएक्सई ड्रायव्हरांचा व्हॉल्यूम सापडेल. त्याच्या तळाशी जा. रिकाम्या जागेची नोंद असते, तिच्या वरचा शेवटचा डीएक्सई ड्रायव्हर धरा, उजवे बटण, 'नंतर घाला', आणि एनव्हीएमएक्सप्रेसडीएक्सईची एफएफएस फाइल द्या. एच६१च्या ४ एमबीच्या चिपमध्ये जागेची ओढाताण असते, तिथे याच मॉड्यूलची 'स्मॉल' आवृत्ती वापरा. सेव्ह करा.

आता गडबड कुठे होते ते. सेव्ह करताना यूईएफआयटूल कधी कधी त्या व्हॉल्यूममधली पॅड-फाइल उडवते किंवा नवी निर्माण करते. दिसायला ती रिकामी भरण असते, पण काही बायोसमध्ये तिच्यामुळेच पुढच्या गोष्टी ठरलेल्या पत्त्यावर राहतात. ती हलली की बोर्ड नो डिस्प्ले. म्हणून मूळ डंप एका खिडकीत आणि बदललेला दुसरीत उघडा आणि मॉड्यूलांची यादी वरून खाली ताडून पाहा. एक नवी ओळ जास्त दिसावी, बाकी तसूभर फरक नको. पॅड-फाइल बिघडली असेल तर एमएमटूल ४.५०ने तेच काम करून पाहा, आप्टिओ ४ला तीच आवृत्ती लागते. शेवटी घातलेले मॉड्यूल परत बाहेर काढून मूळ एफएफएस फाइलशी ताडा आणि एकूण फाइलचा आकार मूळाइतकाच आहे ना ते बघा.

जागाच उरली नसेल तर नको असलेली मॉड्यूल कापून जागा करू नका. चार-पाच वर्षांनी कोण काय कापले होते ते कुणाला आठवत नाही. त्यापेक्षा छोट्या पेन ड्राइव्हवर क्लोव्हर हा बूटलोडर टाका. त्याच्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर ठेवला की तो एनव्हीएमईवरचे विंडोज उठवतो आणि बायोसला हात लागत नाही. पेन ड्राइव्ह मात्र कायम लावून ठेवावा लागतो.

अमळनेर_बिनफाइल:
लिहिण्याबद्दल थोडे. विंडोजमधून इंटेलच्या एफपीटी या टूलनेही फक्त बायोसचा भाग लिहिता येतो, पण बोर्ड सहसा अडवतो. एरर २६ म्हणजे डिस्क्रिप्टरने (चिपच्या भागांचा नकाशा आणि परवानग्या) त्या भागाला हात लावायची परवानगी दिलेली नाही. २८ म्हणजे बायोसने काही पत्ते संरक्षित करून ठेवलेत. २८० म्हणजे बायोस लॉक. ही कुलपे उघडायच्या युक्त्या आहेत, पण प्रोग्रामर हातात असताना त्यांच्या मागे लागू नये. शिवाय विंडोजमधून लिहिताना वीज गेली तर बोर्ड मेला. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि ४५ अंशांत यूपीएसच्या बॅटऱ्याही लवकर दमतात. प्रोग्रामर लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो. लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा, तो टप्पा सोडू नका.

दोन बायोस चिपांचे बोर्ड असतील तर मुख्य चिपच बदला, राखीव चिप मूळ स्थितीत ठेवा. मुख्य बिघडली तर बोर्ड राखीव चिपवरून स्वतःला सावरतो.

पांझराकाठ (धुळे):
सगळ्यांचे आभार. तिसरा प्रश्न विचारला ते बरे झाले. दुसऱ्याचे काय? आणि एच६१मध्ये एवढा खटाटोप फायद्याचा आहे का?

तापीतीर (भुसावळ):
एच६१मध्ये आहे. या चिपसेटला साटा (डिस्कची नेहमीची जोडणी) फक्त ३ गिगाबिटचा, म्हणजे कमाल ३०० एमबी प्रति सेकंद. मोठ्या स्लॉटमध्ये चार लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट) अडॅप्टर लावला तर आय३-३२२० पीसीआयई २.०च्या वेगाने चालतो, लेनला ५०० एमबी धरून २ जीबी. आय५-३४७०ला ३.० मिळते, बोर्डाने दिले तर, म्हणजे ३.९ जीबीच्या आसपास. छोट्या एक लेनच्या स्लॉटात लावलेत तर ५०० एमबीच्या वर जाणार नाही.

बी७५ला एक साटा पोर्ट ६ गिगाबिटचा असतो. वर्गातल्या कामाला, टायपिंग आणि टॅलीला, त्या पोर्टवर साधी साटा एसएसडी लावली तरी पुरे. माझे मत स्पष्ट सांगते, दादा: पाच एच६१ करा, तीन बी७५च्या बायोसला हातच लावू नका.

आणि खरेदी करताना एम.२ची साटा एसएसडी घेऊ नका. तिला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुतेक एकच. ती अडॅप्टरमध्ये बसते, पण दिसत नाही. एनव्हीएमईला हीटसिंक लावा, बंद कॅबिनेटमध्ये मे महिन्यात ती तापून मंदावते.

सातपुडा_७ (चोपडा):
दुसरा प्रश्न. जे काम करते आहे ते 'नवीन आवृत्ती आहे' एवढ्या कारणाने बदलू नये.

रेडचे मॉड्यूल: एच६१ आणि बी७५ चिपसेटला रेड नाहीच. लॅनचे मॉड्यूल: नेटवर्कवरून बूट करायचे असेल तरच लागते. दोन्ही सोडा.

मायक्रोकोड: तुमच्या दोन्ही प्रोसेसरांचा सीपीयूआयडी (प्रकाराचा क्रमांक) ३०६ए९, त्याची शेवटची आवृत्ती २१, सन २०१९ची. विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालू होताना स्वतःचा मायक्रोकोड चढवतात, म्हणून बायोसमधला जुना असला तरी चालते. खात्री करायची तर रजिस्ट्रीत हार्डवेअर, डिस्क्रिप्शन, सिस्टिम, सेंट्रल प्रोसेसर, ० इथे जा. 'अपडेट रिव्हिजन' म्हणजे आत्ता चालू असलेला, 'प्रीव्हियस अपडेट रिव्हिजन' म्हणजे बायोसने दिलेला. पहिल्यात २१ दिसत असेल तर विषय संपला. बायोसमध्ये बदलायचाच हट्ट असेल तर ध्यानात घ्या की एफआयटी नावाच्या तक्त्यात मायक्रोकोडचे पत्ते लिहिलेले असतात. नवा तुकडा जुन्यापेक्षा मोठा निघाला की मागचे सगळे सरकते आणि तक्ता जुनाच पत्ता दाखवत राहतो.

एमई: दुसऱ्या मशीनच्या डंपमधला एमईचा भाग आणून कधीही चिकटवू नका. एमई बिघडला की बोर्ड चालू होतो, पण बरोबर तीस मिनिटांनी बंद पडतो, किंवा पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो. लोक मग एसएमपीएस बदलतात. मे २०१७ मध्ये इंटेलने जाहीर केलेली त्रुटी एएमटी, आयएसएम किंवा स्मॉल बिझनेस टेक्नॉलॉजी (मशीन व्यवस्थापनाच्या सुविधा) असलेल्या फर्मवेअरची होती. एच६१ला ती लागू नाही. बी७५मध्ये इंटेलचे एमईइन्फो हे टूल चालवून पाहा. ती सुविधा असेल आणि आवृत्तीचा शेवटचा चार अंकी आकडा ३ने सुरू होत नसेल, तरच बोर्ड कंपनीने दिलेले एमईचे अपडेट त्याच्या स्वतःच्या टूलने चढवा. बायोसच्या फाइलीत कालवू नका.

पांझराकाठ (धुळे):
ठरले. फक्त पाच एच६१, फक्त एनव्हीएमईचे मॉड्यूल. चिप लिहून झाल्यावर बायोसमध्ये काय सेट करू? सीएसएम (जुन्या, लेगसी पद्धतीने बूट करायची सोय) पूर्ण बंद करायचे का?

रावेर_साडेतीन_व्होल्ट:
लगेच पूर्ण बंद करू नका, भाऊ. सीएसएम बंद झाले की चित्र दाखवायला बायोसमध्ये जीओपी, म्हणजे नव्या यूईएफआय पद्धतीचा चित्राचा ड्रायव्हर, लागते. बऱ्याच जुन्या एच६१ बायोसमध्ये ते नसते, आणि पडदा काळा. मग सीमॉस क्लिअर करूनच (बायोसच्या सेटिंग पुसूनच) परत यावे लागते. त्याऐवजी सीएसएममध्ये व्हिडिओ लेगसी राहू द्या आणि स्टोरेज व इतर पीसीआय उपकरणे यूईएफआयवर ठेवा.

रुफस या प्रोग्राममध्ये विंडोजचा पेन ड्राइव्ह जीपीटी (डिस्कच्या विभागणीची पद्धत) आणि यूईएफआय निवडून बनवा. बूट मेनूत नावाआधी यूईएफआय लिहिलेली पेन ड्राइव्हची नोंद निवडा. इन्स्टॉल करताना बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढा, नाहीतर बूटलोडर जुन्या हार्ड डिस्कवर जाऊन बसतो आणि ती काढली की मशीन उठत नाही. विंडोज १०मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर असतोच. विंडोज ७ला केबी२९९०९४१ हे अपडेट आधी मिसळावे लागते.

पांझराकाठ (धुळे):
आणि बायोसच्या यादीत डिस्क कंपनीच्या नावाने दिसेल का?

तापीतीर (भुसावळ):
नाही. 'पाटा' अशा नावाने दिसते. ते नाव दिसले म्हणजे मॉड्यूल चालते आहे. विंडोज बसल्यावर 'विंडोज बूट मॅनेजर' ही नोंद येते, तीच पहिली ठेवा. सेल काढला होता म्हणून घड्याळही लावून घ्या. तारीख चुकली तर ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला सर्टिफिकेटची तक्रार करतो.